रुंद टायर मागे पुन्हा पुन्हा घासतो: खडू, कणीक आणि १३ नंबरचा पाना

क्रूझर मोटारसायकलला मागे एक-दोन साइज रुंद टायर टाकला की पहिले पंधरा दिवस सगळे खूश असतात. मग टायर घासतो अशी तक्रार येते. मिस्त्री काहीतरी सरकवतो, महिनाभर बरं चालतं आणि तोच आवाज परत येतो. अॅव्हेंजर, थंडरबर्ड, मिटिऑर, जुनी क्लासिक, सगळ्यांची कथा सारखीच. चाक एकीकडे ओढून घासणं थांबवलेलं असतं, ते कशाला घासत होतं हे पाहिलेलंच नसतं.

आधी लक्षणं

एकटा चालवताना गाडी गुपचूप चालते. डबल सीट झाली, मधे ४५ किलोची युरियाची गोणी आली की पांदण रस्त्यावरच्या पहिल्याच खड्ड्यात मागून आवाज येतो. कोणता आवाज येतो यावर निम्मं निदान होतं, म्हणून कान द्या.

सतत खर्रखर्र, वेगाबरोबर सूर चढतो: टायर चेनला किंवा चेन कव्हरला लागतोय. टायरच्या बाजूला बारीक, समान अंतरावरचे दातांसारखे ओरखडे दिसले तर चेन. गुळगुळीत चकाकणारा पट्टा दिसला तर कव्हर. चेनच्या ग्रीसमध्ये रबराचा काळा भुगा मिसळलेला असतो, बोटांत चोळला की कळतो.

चाकाच्या प्रत्येक फेरीला एकदाच लागतो: टायर रिमवर नीट बसलेला नाही किंवा रिम आऊट (वाकडी) आहे.

फक्त खड्ड्यात धप्प करून लागतो: मडगार्ड. टायरच्या मधोमध, नक्षीवर घासल्याची खूण असते. कधी कधी पूर्ण घेराला एक सरळ बारीक खाच पडलेली असते, सुताराने रंधा मारावा तशी. ती मडगार्डच्या बोल्टची शेपटी असते. याच वेळी मागचा दिवा किंवा इंडिकेटर बंद पडला, फ्यूज उडाला, तर मडगार्डखालची वायर टायरने सोलली आहे असं समजा.

फक्त वळणावर लागतो: चाकाचे बेअरिंग किंवा चिमट्याचे (मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मचे) बुश ढिले आहेत.

आणि फक्त पावसाळ्यात लागतो: त्याला कारण आपली काळी माती.

यापैकी काहीही असो, टायरच्या बाजूला कापडाचे दोरे दिसत असतील तर पुढचं वाचू नका. गाडी चालवत घरी नेऊ नका, छोटा हत्तीत टाका. तो टायर संपला.

बिनपैशाचं: माती, हवा, एक बोल्ट

मृगाच्या पावसानंतर काळी माती टायरला चिकटते, थरावर थर बसतात आणि टायर आणखी एक-दोन बोटं जाड होतो. मूळ टायरला मडगार्डखाली जागा मोकळी असते, म्हणून माती गळून पडते. रुंद टायरला ती जागा उरत नाही. माती आत दाबली जाते, वाळते आणि तिथेच विटेसारखी बसते. पुढच्या आठवड्यात रस्ता कोरडा असूनही टायर घासतो तो या विटेला. मडगार्डच्या आत, चिमट्याच्या आडव्या पाइपावर आणि चेन कव्हरच्या आतल्या कोपऱ्यात हात घालून बघा. पाणी मारून भिजू द्या, मग तुऱ्हाटीच्या काडीने काढा. स्क्रू ड्रायव्हरने उकरलं तर मडगार्डचा रंग जातो आणि तिथून गंज धरतो. चाक मातीने जाम झालं असेल तर क्लच सोडून जोर लावू नका. चेन कव्हर वाकतं, आणि पुढचे दोन महिने तेच घासत राहतं.

मग हवा. कमी हवेवर टायरच्या बाजू फुगतात आणि चेनकडची आधीच कमी असलेली जागा खातात. हवा सकाळी, गाडी चालवायच्या आधी तपासा. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याच्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, अशा दुपारी गाडी चालवून आल्यावर काटा चढलेलाच दिसणार. तो बघून हवा काढली तर दुसऱ्या सकाळी टायर खरोखर कमी हवेवर असतो, आणि आवाज सुरू. उलट, घासू नये म्हणून हवा ठासून भरण्याचा सल्लाही मिळेल. टायरच्या बाजूला छापलेल्या कमाल दाबाच्या वर जाऊ नका. ओल्या डांबरावर रुंद आणि कडक टायर साबणासारखा सरकतो.

बोल्टची खाच दिसली असेल तर इलाज दहा मिनिटांचा. मडगार्डचा तो बोल्ट उलटा करा: गोल, चपटं डोकं आत टायरकडे, नट बाहेर. बाहेर नटाला जागा नसेल तर बोल्ट छोटा टाका, शेपटी नटाच्या पातळीला आली पाहिजे. सुटलेली वायर मडगार्डच्या कडेला क्लिपमध्ये परत बसवा, सोललेल्या जागी नुसती टेप गुंडाळून पुन्हा तिथेच सोडू नका.

नेमकं कुठे लागतं: खडूची परीक्षा

टायर पुसून कोरडा करा. चेनच्या बाजूने टायरच्या पूर्ण कडेला शाळेचा पांढरा खडू जाड चोळा. नक्षीवरही मधोमध एक पट्टा ओढा. मागे माणूस बसवून, नेहमीचं ओझं घेऊन गावाबाहेर दोन किलोमीटर जाऊन या, खड्ड्यातूनही न्या. परत आल्यावर खडू कुठे पुसला गेला ते बघा. मधला पट्टा रस्त्याने पुसला जाणारच, पण त्यातली मडगार्डची खूण रेघेसारखी वेगळी दिसते. ही परीक्षा ओझ्यासह करणं महत्त्वाचं आहे. रिकाम्या गाडीवर चिमट्याचा कोन वेगळा असतो, चेनची ताण वेगळी असते, आणि सगळं मोकळं दिसतं.

चेनकडची जागा मोजायची योग्य जागा अॅक्सलजवळ (चाकाच्या मधल्या दांडीजवळ) नाही. चेन अॅक्सलपासून पुढे जाताना टायरच्या सर्वात फुगीर भागाशेजारून जाते, अॅक्सलच्या साधारण वीतभर पुढे. तिथे माप घ्या, वरच्या चेनलाही आणि खालच्यालाही. फुटपट्टी तिथे जात नाही. ८ मिमीचा बोल्ट घ्या, ज्याला १३ किंवा १२ नंबरचा पाना लागतो तो. त्याची दांडी चेन आणि टायरच्या मधून अडखळत न जाता सरकली तर ठीक. सरकली नाही तर ६ नंबरचा अॅलन पाना घालून बघा. तोही अडकला तर आज घासत नसला तरी उद्या घासणार: वेगात टायर थोडा फुगतो, चेन झोके घेते, चिमटा ओझ्याखाली किंचित लवतो. सुताच्या भाषेत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), अडीच सूत जागा हवी, दोन सुतांवर सावध, त्याखाली चालवू नका.

मडगार्डसाठी कणीक

मडगार्डखाली किती जागा उरते हे डोळ्यांनी कळत नाही, कारण मडगार्ड फ्रेमला जोडलेलं असतं आणि चाक शॉकअपबरोबर वर येतं. पोळ्यांच्या कणकेचे लिंबाएवढे तीन गोळे घ्या. मडगार्डच्या आत, टायरच्या मध्यरेषेवर चिकटवा: एक पुढे, एक डोक्यावर, एक मागे. तेलाचा हात टायरवर फिरवला तर कणीक टायरला चिकटत नाही (नंतर टायर साबणाने धुवायला विसरू नका). दोन माणसं बसून गाडी जोराने दाबा. गोळा दाबून राहिलेली जाडी म्हणजे खरी उरलेली जागा. एका बोटापेक्षा कमी असेल तर खऱ्या खड्ड्यात लागणारच, कारण हाताने दाबून शॉकअप पूर्ण बसत नाही.

मग शॉकअपचे कडे फिरवा. बहुतेक दुहेरी शॉकअपला खाली खाचांचं कडं असतं, टूल किटमधल्या हुकाच्या पान्याने फिरतं. ओझं नेहमीचं असेल तर दोन खाचा वर न्या, दोन्ही बाजूंना सारख्याच. एक बाजू तिसऱ्या खाचेवर आणि दुसरी पाचव्या अशी गाडी आली तर आधी तेवढंच सरळ करा. तरी खाली बसत असेल तर शॉकअपमधलं तेल गेलेलं आहे का बघा: दांडीवर ओलसर काळा थर, दाबल्यावर गाडी दोन-तीनदा उडते. त्याला इलाज नवी जोडी. शॉकअप उंच करायला खाली लोखंडी पट्टी जोडणं हा आमच्या भागातला लाडका जुगाड आहे. चिमट्याचा कोन बदलतो, चेनची ताण बदलते, आणि पट्टीचा बोल्ट एकट्याने सगळं ओझं घेतो. करू नका.

टायर रिमवर बसला का, आणि आकडा काय सांगतो

टायरच्या बाजूला, रिमच्या अगदी जवळ एक बारीक उंचवट्याची रेघ असते. ती पूर्ण घेराला रिमच्या काठापासून सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एखाद्या ठिकाणी ती रिमखाली गेली असेल तर टायर तिथे बसलेला नाही, तो चाकाबरोबर लंगडत फिरतो आणि फेरीला एकदा लागतो. हवा काढा, काठाला साबणाचं पाणी लावा, पुन्हा भरा. ‘टक’ आवाज येऊन बसतो. ट्यूबवाल्या चाकात जुनी, छोट्या टायरची ट्यूब तशीच घातली का हेही विचारा. ताणलेली ट्यूब पातळ होते आणि वारंवार पंक्चर होते, त्यामुळे हवा कमी होते, आणि गोष्ट परत पहिल्या पायरीवर येते.

आता आकडे. १४०/९०-१५ मधला १४० म्हणजे रुंदी मिमीमध्ये, ९० म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ९० टक्के, १५ म्हणजे रिम किती इंची. अॅव्हेंजरचा मूळ मागचा टायर १३०/९०-१५, उभ्याने साधारण ६१५ मिमी. त्याजागी १४०/९०-१५ टाकला तर ६३३ मिमी: वर ९ मिमी, बाजूला फक्त ५. म्हणून तो मडगार्डला लागतो. १५०/८०-१५ टाकला तर ६२१ मिमी: वर केवळ ३, पण बाजूला १० मिमी. तो चेनला लागतो. थंडरबर्ड ३५० च्या १२०/८०-१८ जागी १३०/८०-१८ म्हणजे वर ८ आणि बाजूला ५, तर १४०/७०-१८ म्हणजे वर २ आणि बाजूला १०. मिटिऑरला १४०/७०-१७ कंपनीकडूनच येतो. १५०/७०-१७ टाकला तर वर ७, बाजूला ५ मिमी. टायर घ्यायच्या आधी हा हिशेब कागदावर केला तर पुढचे निम्मे व्याप वाचतात.

हे आकडे छापील मापाचे आहेत. टायर प्रत्यक्षात किती रुंद होतो हे रिम ठरवते. रिमवर ठोकलेला आकडा वाचा. डब्ल्यूएम ३ असेल तर रुंदी २.१५ इंच. १४०/७० टायरला ३.५ ते ४.५ इंचांची रिम लागते. अरुंद रिमवर तो चिमटला जातो, डोकं टोकदार आणि उंच होतं, आणि दोन्ही बाजू मिळून पंधरा-वीस मिमी आत येतो. थोडक्यात १४० चे पैसे देऊन सव्वाशेच्या आसपास रुंदी मिळते, वर मडगार्डला डोकं लागतं, आणि टायरच्या बाजूंना रस्ता मिळत नाही म्हणून मधोमध झिजतो. उलट रिम अर्धा इंच रुंद केली की टायर साधारण ५ मिमी रुंद होतो, म्हणजे रिम बदलल्यावर चेनकडची जागा पुन्हा मोजावी लागते.

टायरवरचा भाराचा आकडाही बघा. ६६ म्हणजे एका टायरला ३०० किलो, ७० म्हणजे ३३५. मूळ टायरपेक्षा कमी आकड्याचा टायर दिसायला कितीही रुंद असला तरी घेऊ नका. आणि १५ इंचाच्या रिमवर कारचा टायर बसवणारे भेटतात. कारच्या टायरचा काठ मोटारसायकलच्या रिमसाठी घडवलेला नसतो, आणि वळणावर तो झुकत नाही. नको.

चाक सरळ आहे का: दोष परत का येतो

घासणं थांबवायला सर्वात सोपी युक्ती म्हणजे चेन अॅडजस्टर (चेन ताणायचे स्क्रू) एका बाजूने जास्त ओढणं. अॅक्सल एका बाजूने ३ मिमी मागे गेला की वीतभर पुढे टायर चेनपासून तीन-साडेतीन मिमी दूर जातो. आवाज बंद, मिस्त्रीला चहा, सगळे खूश. पण चाक आता तिरकं आहे. मागचं दातेरी चक्रही तिरकं. चेन एका बाजूने दात खाते, दात बाजूने पातळ होऊन टोकदार होतात, चेन लवकर ताणते. मग चेन सेट नवा टाकतात. नवी चेन लांबीला कमी, त्यामुळे अॅक्सल पुढे येतो, टायर चिमट्याच्या आडव्या पाइपाजवळ येतो, आणि आता टायर तिथे घासायला लागतो. मालक म्हणतो चेन सेट बोगस निघाला. चेन सेटचा काही दोष नसतो.

अॅडजस्टरच्या खुणांवर विश्वास ठेवू नका, त्या दोन्ही बाजूंना नेहमीच सारख्या नसतात. चिमट्याच्या पुढच्या बोल्टाच्या मध्यापासून अॅक्सलच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी मोजा. एक लांब सरळ सळई आणि दोन खुणा पुरतात. १ मिमीपेक्षा जास्त फरक नको. मग दोरीची परीक्षा: मागच्या टायरला अॅक्सलच्या उंचीवर दोरी गुंडाळून दोन्ही टोकं पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंनी ताणून धरा. मागे १४० आणि पुढे ९० असेल तर पुढच्या टायरच्या दोन्ही बाजूंना २५-२५ मिमी जागा दिसायला हवी. एकीकडे १८ आणि दुसरीकडे ३२ दिसली तर चाक तिरकं किंवा बाजूला सरकलेलं आहे. सरळ केल्यावर जर टायर चेनला लागायला लागला, तर कटू गोष्ट अशी की तो टायर त्या गाडीला रुंद आहे.

अॅक्सल नट घट्ट करताना कॉटर पिन (नट सुटू नये म्हणून घालायची) नवी घाला. चेनची ढील गाडीच्या पुस्तकाप्रमाणे ठेवा आणि ओझ्यावर पुन्हा बघा.

ढिलाई

मागचं चाक उचला. सेंटर स्टँड नसेल तर चिमट्याखाली पक्का लाकडी ठोकळा, आणि पुढचा ब्रेक कुणीतरी धरून. टायर वर-खाली धरून बाजूला हलवा. खट-खट लागली तर बेअरिंग. मग चिमटा धरून डावी-उजवीकडे हलवा. चिमटाच हलला तर बुश. दोन्हीत थोडी ढिलाई असली तरी टायरपाशी ती दोन-तीन मिमी होते, आणि वळणावर नेमकी तेवढीच जागा खाते.

चाक आऊट आहे का बघायला चिमट्याला एक ताठ तार बांधून तिचं टोक रिमच्या काठाजवळ आणा आणि चाक फिरवा. अंतर २ मिमीपेक्षा जास्त बदललं तर काम आहे. स्पोकच्या चाकात तारा ताणून रिम सरळ होते, आणि कुशल हात असेल तर रिम हबवर चेनपासून दोन-तीन मिमी दूरही नेता येते. स्वतः पान्याने दोन-चार तारा आवळू नका. एका ठिकाणी घट्ट केली की दुसरीकडे फुगते. अॅलॉय चाक आऊट असेल तर ते तापवून सरळ करून घेऊ नका, बदला.

इथे थांबा

यापुढचं काम घरचं नाही आणि गावच्या गॅरेजचंही नाही.

स्पेसर: टायर चेनपासून दूर नेण्यासाठी अॅक्सलवर वायसर रचून चाक सरकवतात. वायसर दबतात, अॅक्सल नट ढिला होतो, शिवाय चाक सरकलं की ड्रम ब्रेकला फिरू न देणारी टॉर्क पट्टी किंवा डिस्क ब्रेकचा कॅलिपर तिरका होतो. स्पेसर हवाच असेल तर लेथवर एकाच तुकड्यातून, दोन्ही तोंडं समांतर करून घ्यावा लागतो. नट बसल्यावर अॅक्सलचे दोन आटे तरी बाहेर दिसले पाहिजेत. दात बाहेरच्या बाजूला असलेलं पुढचं दातेरी चक्र टाकून चेन बाहेर सरकवणं हेही त्याच वर्गातलं. अमरावती, नागपूर, अकोल्याला मोटारसायकलचं लेथकाम नियमित करणारे आहेत, तिथे अॅक्सल, स्पेसर आणि जुना टायर तिन्ही घेऊन जा.

चिमटा आतून ग्राइंड करणं किंवा कापून रुंद वेल्ड करणं: नाही. खिडक्यांच्या जाळ्या करणारा वेल्डर चांगला असतो, पण जाळीवर डबल सीट बसून कोणी ८० ने जात नाही. पातळ पाइप वेल्डच्या शेजारी तडकतो, आणि तडा आधी दिसत नाही.

मिटिऑरसारख्या दोन्ही चाकांना एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत मागचा टायर उंच झाला की दोन्ही चाकांच्या वेगाचं गणित बिघडू शकतं. एबीएसचा दिवा पेटून राहिला तर मूळ साइजवर या, सेन्सर साफ करत बसू नका.

कायद्याचंही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल चालत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तेच सांगितलं. कलम १८२-अ नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघातानंतर विमा कंपनीही आधी टायरचाच आकडा वाचते.

दुरुस्तीनंतर

काम झाल्यावर पन्नास किलोमीटरनंतर अॅक्सल नट, चेनची ढील आणि वीतभर पुढची जागा बोल्टाने पुन्हा मोजा. खडू पुन्हा लावा, या वेळी कापूस वेचणीचं ओझं बांधूनच. चेन सेट बदलला, टायर बदलला किंवा शॉकअपच्या खाचा हलवल्या, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आणि तीनदा सरळ करूनही आठ मिमीचा बोल्ट जात नसेल, तर मूळ साइजचा टायर मागवा. रुंद टायर विकताना कमी किलोमीटर झालेले असले की चांगले पैसे येतात.